मल्हारचं दूध

उपकेंद्र, ता. सुरगाणा
बुधवार, दुपार

प्रिय तृप्ती,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे, आणि माझं लग्नही कुठं ठरलेलं नाही, तेव्हा आनंदानं ओरडायचंही काही कारण नाही. फोन हातात असताना दादाला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तू म्हणशील. तर फोन मी केला होता. रविवारी केला, सोमवारी केला, काल सकाळी केला. तिन्ही वेळा तू तो स्पीकरवर टाकलास, मल्हारपुढे धरलास आणि ‘मामा बघ, मामा’ सुरू केलंस. मागे कुकरची शिट्टी, टीव्ही, तुझ्या सासूबाईंची हाक. मग जे बोलायला फोन लावला होता ते गिळून मी ‘काय रे ढब्ब्या’ एवढंच बोललो आणि ठेवून दिला. त्या गलक्यात बोलायची गोष्ट ती नव्हे. म्हणून आज लसीकरण नाही हे बघून दार लोटून घेतलंय आणि जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं घेऊन बसलोय.

आधी एक विचारतो, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. अजूनही पाजत नाहीस ना त्याला? मल्हारचं तोंड बरं होऊन आता पाच-सहा दिवस झाले. तरी डब्याचं दूध चालूच आहे, आणि तू दिवसातून चार वेळा मोरीत जाऊन स्वतःचं दूध पिळून ओतून देतेस. हे मला तू सांगितलेलं नाहीस, तुझ्या नवऱ्यानं, मनोजरावांनी सांगितलं. सहज बोलून गेले, ‘ती फार रडते हो तेव्हा.’ मग घाईघाईनं म्हणाले, होईल हळूहळू. सोळा दिवस झाले, तृपे. दूध अजून येतंय तोवरच हे थांबायला हवं. एकदा आटलं की मग कुणी कितीही शहाणपणाचं बोललं तरी त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा आज हे पत्र पुरं करायचं आणि पावणेचारच्या एसटीबरोबर पाठवायचं, असं मी ठरवलंय. माझ्या ठरवण्यावर तुझा फारसा विश्वास नाही हे मला माहीत आहे.

उष्टावणाचा दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही माझ्या. सिडकोतल्या तुमच्या दोन खोल्यांत तीस माणसं. तू आईची हिरवी साडी नेसली होतीस आणि पदर सारखा सावरत होतीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या सासूबाई सांगत होत्या, ‘हा मल्हारचा मामा. सुरगाण्याकडं सरकारी दवाखान्यात असतो. मुद्दाम रजा काढून आलाय.’ आई-बाबा गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे मी एकटा. तुझ्या लग्नात मला कुणी बस म्हटलं नव्हतं, मी आपला मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. त्या दिवशी मात्र पाट माझ्यासाठी मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. पहिला घास भरवायचा मान मामाचा. मी सोन्याची अंगठी खिरीत बुडवली. खीर गरम वाटली. आई आपल्याला भरवताना जे करायची ते माझ्या हातानं न विचारता केलं. अंगठी आधी स्वतःच्या ओठाला लावली, सोसवेल ना ते बघितलं, आणि मग मल्हारच्या तोंडात दिली. त्यानं मिटक्या मारल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू वाजवल्या नाहीस. हे मला फार नंतर आठवलं.

सहाव्या दिवशी त्याला ताप भरला. जवळच्या डॉक्टरांनी दात येत असतील म्हणून तापाचं औषध दिलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी लाळ गळायला लागली, तो छातीशी तोंड न्यायचा आणि किंचाळून मागे फिरायचा. तुझ्या सासूबाईंनी मधात टाकणखार खलून जिभेला चोळला. त्यानं आणखी आग झाली. तेव्हा त्यांनी निकाल देऊन टाकला. ‘मी तीन वाढवलीत. आईचं दूध उष्ण पडलं की लेकराचं तोंड येणारच. ही ठेचा खाते, लोणचं खाते, सांगून ऐकत नाही. बंद कर पाजणं.’ आणि तू बंद केलंस. तू, जी पाचवीत असताना हेडमास्तरांशी भांडून आलीस!

तापाच्या चौथ्या दिवशी, मंगळवारी, मी वणी-दिंडोरी करत पोचलो, तेव्हा तू दारातच म्हणालीस, ‘दादा, सकाळपासून लंगोट कोरडा आहे.’ मी त्याला खिडकीशी नेलं. हात-पाय पाहिले, स्वच्छ होते. आमच्या आश्रमशाळेत पावसाळ्यात मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड उठवणारी साथ येते, ती ही नव्हती. जिभेवर पांढुरकं होतं, पण ओल्या बोळ्यानं पुसलं तरी निघेना, म्हणजे बुरशी नव्हती. हिरड्या लालभडक सुजलेल्या, दोन ठिकाणी रक्त आलेलं, ओठांच्या आत टाचणीच्या डोक्याएवढे फोड, काही फुटून त्यांचे पिवळट चट्टे झालेले, जबड्याखाली गाठी. हिरड्या अशा सुजल्या की बहुतेक वेळा एकच आजार असतो. मला तिथं, त्या खिडकीतच कळलं. कळलं आणि मी म्हणालो काय, तर ‘आपण मोठ्या डॉक्टरांना दाखवू.’

गंगापूर रोडच्या त्या डॉक्टरबाई मला आवडल्या. त्यांनी तोंड पाहिलं, गाठी चाचपल्या आणि सांगितलं की तपासण्यांची गरज नाही, हे बघूनच कळतं. हर्पीसचा विषाणू, पहिलीच वेळ. मनोजरावांनी तेवढ्यात मोबाईलवर तो शब्द टाकून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘म्हणजे हे... तसलं काही नाही ना?’ बाईंनी चष्मा काढला. ‘तसलं काही नाही. तो तसला वेगळा, याचा भाऊबंद. हा तोंडातला. निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात हा लहानपणापासून असतो. कुणाच्या तरी लाळेतून आला असणार.’ मग त्यांनी औषधं लिहिली. चौथा दिवस आहे, उशीर झालाय, पण नवे फोड अजून येतायत म्हणून विषाणूवरचं पातळ औषध देते, म्हणाल्या. तापाचं औषध वजनाप्रमाणे. तोंड बधिर करायची जेली बिलकुल लावायची नाही, वर्षाच्या आत मध नाही, टाकणखार तर नाहीच. लाळ पुसत राहा, त्याची बोटं डोळ्यांकडं जाऊ देऊ नका, त्याचा टॉवेल वेगळा. दर दहा मिनिटांनी चमच्यानं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. संध्याकाळपर्यंत लंगोट ओला झाला नाही तर दाखल करून सलाईन लावू. तुला पडद्याआड नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन ठणकावून सांगितलं, ‘आईच्या अंगावर फोड नाही. अंगावरचं दूध चालू ठेवा. त्यानं काहीएक होत नाही.’

आणि मग त्यांनी विचारलं. ‘गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाच्या ओठावर तापाचा फोड आला होता का?’

तुझ्या सासूबाईंनी पदरानं स्वतःचे ओठ चाचपले. मनोजरावांनी मान हलवली. मी टेबलावरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत होतो. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, आणि स्वच्छ आवाजात म्हणालीस, ‘नाही डॉक्टर. कुणालाच नाही.’ बाई म्हणाल्या, असू दे, कधीकधी फोड नसतानाही जातो, कुणाला दोष देत बसू नका. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. रिक्षात बसेपर्यंत माझी जवळजवळ खात्री पटली होती की असंच झालं असेल.

पण घरी काय झालं ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. चप्पल काढता काढता तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘घरात कुणालाच नाही, मग उरलं काय? दूधच. पाजा पाजा तर सगळेच डॉक्टर म्हणतात.’ त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, तृप्ती. आपण दोघांनी त्यांना आकडा चुकीचा दिला होता.

त्यांच्यावर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहितो. दोन दिवस मी तिथं होतो, त्या माउलीनं खांद्यावरून लेकरू खाली ठेवलं नाही. गुडघे दुखतात, तरी गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. आणि तू! मोबाईलला दहा-दहा मिनिटांचा गजर लावून वाटी-चमचा घेऊन बसलेली. तो चमचा उडवायचा, तू पुन्हा भरायचीस. गार भाताची पेज, गार केलेलं दूध, पाणी, पुन्हा दूध. तुझ्या कुडत्यावर जेवढं सांडलं त्याच्या निम्मंही त्याच्या पोटात गेलं नसेल, पण तेवढ्यानं निभावलं. पाच वाजता लंगोट ओला झाला तेव्हा तू तो हातात घेऊन घरभर नाचलीस. मी आजवर इतकी बाळं बघितली, एवढ्या घाणेरड्या वस्तूवर एवढं प्रेम करणारं माणूस पाहिलं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. सगळे खुशीत होते, ऐकून घेतलं असतं. मी चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो.

तुझी ही खोड जुनी आहे. शेजारच्या द्राक्षबागेतला ठिबकचा नळ मी पाय देऊन तोडला होता आणि बाबांच्या हातचा मार तू खाल्लास, कारण मला दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं. आठ दिवस माझ्या वाटणीची लिमलेट मी तुला दिली आणि फिट्टंफाट झाली असं समजलो. मी तसाच राहिलो, तूही तशीच राहिलीस. पण आता मधे सात महिन्यांचं एक लेकरू आहे.

आता कालचं सांगतो, कारण काल ते झालं नसतं तर हे पत्रही झालं नसतं. पाड्यावर अंगणवाडीत लसीकरण होतं. चौदा बाया बसलेल्या. चतुराबाई म्हणून सत्तरीची एक म्हातारी आहे, ती दीड वर्षाच्या नातीला घेऊन आली. पोरीचं तोंड आलेलं, मल्हारचंच हुबेहूब. सून मागे खाली मान घालून उभी, कारण बायांनी तिला आधीच बोलून घेतलं होतं. मी तपासलं, औषध दिलं, पाणी कसं पाजायचं ते सांगितलं आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला, घरात कुणाच्या ओठाला फोड होता का? मला वाटलं, झालं, आता सगळ्या एकमेकींकडं बघतील. चतुराबाईनं नातीला मांडीवर नीट बसवलं आणि म्हणाली, ‘माझ्याच ओठाला व्हता. नागलीची भाकर चावून मीच भरवत व्हते तिला. मंग माझंच गेलं, दुसऱ्या कोनाचं जाईल?’ आणि वळून सुनेला, ‘तुजं काय नाय त्यात. रडतीस कशाला? घे तिला, पाज.’ मग मला म्हणाली, ‘आता म्होरं काय करायचं त्ये सांग लवकर, मला लय कामं हायती.’

कुणी हसलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. सुनेनं पोर पदराखाली घेतली. आणि मी, सरकारनं पगार देऊन हेच सांगायला नेमलेला माणूस, हातातलं पेन बंद-चालू करत बसलो. तिला जे तीन वाक्यांत जमलं ते मला तीन आठवड्यांत जमलं नव्हतं. लाज वाटली, तृपे. दुसरा शब्द नाही.

तर आता माझं. उष्टावणाच्या आधीच्या गुरुवारी मला ताप होता. शनिवारी वरच्या ओठावर फोड आला, मिशीच्या कडेखाली. रविवारी सकाळी तुमच्याकडे यायला निघताना आरशात पाहून मी मिशी खाली विंचरली. तो कसला फोड आहे, किती दिवस पसरतो, तान्ह्या बाळापाशी त्या माणसानं कसं वागायचं, हे सगळं मला पाठ आहे, दर महिन्याला मी ते बायांना घोकून दाखवतो. ‘आज मी भरवत नाही, मनोजरावांच्या हातून होऊ द्या,’ एवढं म्हणायचं होतं. पण त्या घरात पहिल्यांदा माझ्यासाठी पाट मांडला होता आणि मला त्यावर बसायचं होतं. पापा घ्यायचा नाही, एवढी काळजी घेतली की झालं, असं मी स्वतःला समजावलं. पापा घेतलाही नाही. आणि अंगठी ओठाला लावली. तुला तो फोड दिसला होता. बारावीच्या परीक्षेपासून तो तुला ओळखीचा आहे, आई त्याला तूप लावायची. डॉक्टरांपुढे तू ‘नाही’ म्हणालीस ते त्या घरात माझं नाव खाली पडू नये म्हणून, मनोजरावांनी नुकताच तो प्रश्न विचारला होता म्हणून, आणि माझ्यासाठी दार बंद झालं तर तुझं माहेरच संपेल म्हणून. मला सगळं समजलं होतं, आणि समजून मी गप्प बसलो. मल्हारच्या अंगात तो विषाणू आता कायमचा राहील, पुढे कधी ताप आला, उन्हात हिंडला की त्याच्याही ओठावर फोड येईल. ते मी त्याला दिलंय, ते परत घेता येत नाही. तुझ्यावर आलेलं बालंट मात्र परत घेता येतं.

आता तू काय करशील ते मला ठाऊक आहे. हे पत्र वाचून थोडी रडशील, घडी घालून कपाटात साडीखाली ठेवशील, आणि मला फोन करून म्हणशील, ‘दादा, झालं गेलं, तू कुणाला काही बोलू नकोस.’ म्हणून सांगून ठेवतो. याच टपालानं दुसरं पाकीट तुझ्या सासूबाईंच्या नावानं येतंय. त्यात हे सगळं आहे, अंगठीसकट, मिशीसकट, आणि तुझं दूध चांगलं होतं आणि आहे हे वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, त्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून. एक तिसरं पान मनोजरावांना. तेव्हा मला वाचवायला तुझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही. त्यांनी मला येऊ नका म्हटलं तर मी येणार नाही, रागही धरणार नाही. वर्षानं बोलावलं तर वर्षानं येईन, आणि ओठावर काही असेल तर दारातूनच परत जाईन. दार मिटलं तर मिटू दे, माझा मी उघडून घेईन, ते काम तुझं नाही. तुझं काम दुसरं आहे. अंगावर कुठं फोड-बिड नाही ना, ते एकदा नीट बघ, असेल तर आधी डॉक्टरबाईंना दाखव. नसेल तर शुभवेळ बघत बसू नकोस. तो पहिले एक-दोन दिवस तोंड फिरवेल, बाटलीला लाडावलाय. भुकेनं रडायच्या आधी घे, उघड्या अंगाला लावून घे, कमी येतंय वाटलं तरी लावत राहा, त्यानं ओढलं की वाढतं. मोरीकडे जाऊ नकोस. कुणी काही म्हणालं तर म्हण, दादानं लेखी दिलंय. पत्र ठेव बाजूला, ऊठ, आणि मल्हारला घे.

तुझाच, आणि या खेपेला तुझ्या आड न लपणारा,
धनराजदादा